विश्वास नेमका कुणाचा?

येशूला एका गावात चमत्कार करता आला नाही, असं मार्क सरळ लिहून ठेवतो. गावही परकं नव्हे. नासरेथ, जिथं तो लहानाचा मोठा झाला. तिथले लोक त्याला सुतार म्हणून ओळखत होते, त्याच्या भावांची नावं त्यांना तोंडपाठ होती. थोड्या आजाऱ्यांवर हात ठेवून त्यांना बरं करण्यापलीकडे तिथं त्याच्या हातून काही होऊ शकलं नाही, असं मार्क सांगतो. त्याचं पुस्तक चार शुभवर्तमानांतलं सर्वांत जुनं, साधारण इ.स. ७० च्या आसपासचं. पुढं मत्तयानं त्याच्याच आधारानं लिहायला घेतलं तेव्हा गुरूची ही असमर्थता त्याला अडचणीची वाटली असावी. त्याच्या पुस्तकात येशू तिथं फारसे चमत्कार करत नाही, आणि त्याचं कारण म्हणून लोकांच्या अविश्वासाकडे थेट बोट दाखवलेलं आहे.

या एका प्रसंगावर आज मोठा बाजार उभा आहे. मैदानावर मांडव घालून, ध्वनिक्षेपक लावून सांगितलं जातं की विश्वास धरा, बरे व्हाल. बरं न होणाऱ्याला पुढचं वाक्य कुणी ऐकवावं लागत नाही. तो ते स्वतःच पुरं करतो. नवा करार शिकवणं हा माझा व्यवसाय असल्यामुळे उपासनेनंतर असे लोक मला गाठतात. हातात रिपोर्टांची फाइल असते आणि प्रश्न हळू आवाजात येतो : सर, माझाच विश्वास कमी पडला का? अशा वेळी मी नासरेथवर थांबत नाही, आधीची पानं उघडतो.

कफर्णहूमच्या घरात गर्दी एवढी की दारातून शिरता येईना. चौघांनी पक्षघाती माणसाला वर नेलं, छप्पर उकरलं आणि बाजेसकट त्याला खाली सोडलं. गालीलमधली धाबी फांद्या आणि मातीची असत, त्यामुळे उकरणं शक्य होतं. (लूक हीच गोष्ट सांगताना कौलं काढायला लावतो, त्याचे वाचक ग्रीक-रोमन शहरांतले, त्यांच्या डोळ्यांपुढे कौलारू घर.) पक्षघाती संपूर्ण प्रसंगात अवाक्षर बोलत नाही. मार्कच्या सांगण्याप्रमाणे येशूनं विश्वास पाहिला तो त्या साऱ्यांचा, म्हणजे छप्पर उकरणाऱ्यांचाही. रुग्णाचा स्वतःचा किती होता, हे कुणी विचारलं नाही.

रक्तस्रावानं १२ वर्षं पिडलेल्या बाईची गोष्ट मात्र माझ्या म्हणण्याला सहज जुळत नाही. नियमशास्त्रानुसार ती विटाळशी, तिनं कुणाला शिवणंही वर्ज्य. वैद्यांपायी होतं नव्हतं ते खर्च झालं आणि दुखणं उलट वाढलं, असं मार्क फटकळपणे लिहितो. लूक हे वाढल्याचं गाळतो. तो वैद्य होता असं परंपरा मानते, तेव्हा व्यवसायबंधूंची लाज राखली म्हणायचा मोह होतो. पण तेवढ्या पुराव्यावर कुणाला पकडता येणार नाही. ही बाई गर्दीत मागून येते आणि कपड्याला हात लावते. वस्त्रात गुण आहे अशी तिची समजूत. आपल्याकडे याला कुणी गंडेदोऱ्यांच्या पंक्तीत बसवलं असतं. येशू ती समजूत दुरुस्त करत बसत नाही. तो तिला मुलगी म्हणतो आणि तिच्या बरं होण्याचं श्रेय तिच्या विश्वासाला देतो. इथं श्रेय आहे, हे मान्यच करायला हवं. पण बऱ्या झालेल्या बाईचं कौतुक आणि बऱ्या न झालेल्यावरचा आरोप यांत फार अंतर आहे. ते ओलांडायला शुभवर्तमानं तयार नाहीत.

योहानाच्या पाचव्या अध्यायातला माणूस तर ‘विश्वास धरा, बरे व्हाल’ या सूत्राची वाटच लावतो. यरुशलेमातलं बेथेस्दा तळं, पाच पडव्या, आणि ३८ वर्षं आजारी असलेला एक जण. बरं व्हायचंय का, असं विचारल्यावर तो होय म्हणत नाही, कुणी पाण्यात सोडत नाही म्हणून कुरकुरतो. बरा होतो, तरी आपल्याला कुणी बरं केलं हे त्याला ठाऊक नाही! विश्वासाचा उल्लेख नाही, आभारही नाहीत. हे तळं उत्खननात सापडलं आहे, संत अ‍ॅनच्या चर्चशेजारी. दोन मोठे हौद आणि मध्ये बांध.

त्याआधीच्या ग्रीक जगातही अशी उदाहरणं होती. एपिडॉरस इथल्या अस्क्लेपिऑस या आरोग्यदेवाच्या देवळातल्या इ.स.पूर्व चौथ्या शतकाच्या शिलालेखांत अथेन्सची अँब्रोसिया भेटते. एका डोळ्यानं आंधळी, आणि तिथल्या चमत्कारांना हसणारी. देवानं तिला बरं केलं, पण अज्ञानाची आठवण म्हणून चांदीचं डुक्कर वाहायला लावलं. येशूच्या गोष्टींत असा दंड कुठंच नाही. मिरगीग्रस्त मुलाचा बाप आपला विश्वास आणि अविश्वास एकाच दमात कबूल करतो, तरी मुलगा बरा होतो.

मग पौल. शरीरातला काटा जावा म्हणून त्यानं तीनदा विनवणी केली, काटा गेला नाही. त्याच्या नावावरच्या पत्रांत तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं आहे, आणि सहकारी त्रफिमला मिलेतात आजारी सोडून आल्याचं नोंदलं आहे. यांतल्या कुणाच्या विश्वासाची चौकशी झाली नाही. हीच शुभवर्तमानं वाचून मिशनरी डॉक्टर विल्यम वान्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उघडलं, तेव्हा प्रार्थना आणि शस्त्रक्रिया यांतलं एक निवडावं असं त्यांना वाटलं नाही.

आरोग्यसभांचं सर्वांत लाडकं वचन याकोबाच्या पत्रातलं : विश्वासाची प्रार्थना आजाऱ्याला वाचवील, या अर्थाचं. त्याच्या आधीची सूचना सहसा वाचली जात नाही. आजाऱ्यानं मंडळीच्या वडिलांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी. म्हणजे प्रार्थना करणारे वडील, विश्वास लागणार तोही त्यांचाच. आजाऱ्याचं काम निरोप धाडण्याचं. तो बरा झाला नाही तर कुणाचा विश्वास तपासायचा, हे यावरून उघड आहे. पण हा प्रश्न व्यासपीठाकडे तोंड करून विचारलेला मी अजून ऐकलेला नाही.