दोन शिखरं असायला आधी एक मिळावं लागतं

परवा मावसभाऊ घरी आला आणि त्याच्या आवडीच्या विषयावर अडून बसला. "ताई, शॉन मायकल्स पहिल्या डावात मोठा की दुसऱ्या?"

लहानपणी आमच्या वस्तीत ज्या एका घरी केबल होती, तिथे दाराशी उभी राहून मी डब्ल्यूडब्ल्यूएफ पाहिलंय. त्यामुळे मत देण्याचा अधिकार मलाही आहे! माझं मत दुसऱ्या डावाला. 1996 मध्ये ब्रेट हार्टबरोबर तासाभराहून जास्त लढणारा मायकल्स वेगवान होता, देखणा होता. 1998 मध्ये पाठीने त्याला घरी बसवलं. 2002 मध्ये परतला तेव्हा वेग कमी झाला होता, पण कुठे थांबायचं हे त्याला कळू लागलं होतं. 2009 मध्ये, त्रेचाळिसाव्या वर्षी, तो ह्यूस्टनला अंडरटेकरशी लढला. टूम्बस्टोन खाऊनही त्याने खांदा उचलला, तेव्हाचा अंडरटेकरचा चेहरा आठवा. मायकल्स हरला, तरी लोक आजही तोच सामना काढून बघतात.

इथपर्यंत आमचं एकमत होतं. मग मी विचारलं, "आणि मार्क हेन्री?"

मुद्दा असा आहे की या कुस्तीचा निकाल आधीच ठरलेला असतो. म्हणजे पैलवानाचं शिखर त्याच्या अंगातल्या ताकदीइतकंच ऑफिसात बसलेल्यांच्या भरवशावर उभं असतं. हेन्री हा टेक्सासचा कृष्णवर्णीय वेटलिफ्टर, दोन ऑलिम्पिक खेळलेला. 1996 मध्ये कंपनीने त्याच्याशी दहा वर्षांचा करार केला. आणि ऐन उमेदीत त्याला काम काय दिलं? 'सेक्शुअल चॉकलेट' नावाचा लंपट विदूषक. पंचाहत्तरी ओलांडलेल्या मे यंगशी प्रेमप्रकरण, आणि तिच्या पोटी जन्माला आलेला रबरी हात. हसायचं कोणाला होतं, ते सांगायला हवं का?

भाऊ म्हणाला, "त्याला तेव्हा लढता येत नव्हतं. शिवाय सारखा जखमी व्हायचा." खरं आहे. दहा वर्षांचा करारही फार कमी जणांना मिळतो, तेही मान्य. पण त्या रबरी हाताने त्याला कोणता डाव शिकवला?

सप्टेंबर 2011 मध्ये रँडी ऑर्टनला हरवून तो वर्ल्ड हेवीवेट चॅम्पियन झाला. वय 40. त्या वर्षी त्याने उड्या मारल्या नाहीत. हळू चालला, कमी बोलला, समोरच्याला घाबरू दिलं. ताकद तर 1996 मध्येही होती. मायकल्सची दोन शिखरं ताडून बघता येतात. हेन्रीच्या पहिल्या शिखराची जागाच रिकामी आहे, आणि आपण मात्र त्याला 'उशिरा बहरलेला' म्हणून मोकळे होतो.

पट्टा तीनेक महिन्यांत गेला. पण जून 2013 मध्ये तो सॅमन रंगाचा कोट घालून आला, निवृत्तीचं भाषण करताना रडला, बायकोमुलांकडे परत येतोय म्हणाला. जॉन सीनाने जवळ घेतलं, आणि याने त्यालाच उचलून आपटलं.

"मी फसलो होतो तेव्हा," भाऊ म्हणाला.

मीही. डोळे पुसत होते मी.