झाम्याच्या विटा

न्यू जर्सीच्या दक्षिणेला, सेलम काउंटीत, अ‍ॅलोवे खाडीजवळ हॅनकॉक हाउस आहे. विल्यम आणि सारा हॅनकॉक या क्वेकर जोडप्याने १७३४ साली बांधलेलं विटांचं शेतघर. लेकाने हौसेने नेलं होतं आम्हाला. बाकीचे सगळे घाईने आत गेले, कारण बघायचं ते आतच होतं. २१ मार्च १७७८च्या पहाटे मेजर सिमकोच्या इंग्रज पलटणीने इथे झोपलेल्या स्थानिक शिपायांना संगिनींनी भोसकलं. त्यात घरमालकही, म्हणजे बांधणाऱ्याचा मुलगा, जखमी होऊन पुढे दगावला. न्यायाधीश होता, आणि इंग्रजांच्याच बाजूचा!

हे मात्र बाहेरच. उभी हयात बांधकाम खात्यात गेलेली. वीट दिसली की माणूस जागचा हलत नसे. एक वीट लांबीने, एक तोंडाने, पुन्हा लांबीने, असं बोटाने दाखवत मला ‘फ्लेमिश बाँड’ शिकवत बसले. बाजूच्या भिंतीवर काळपट निळ्या विटांची नागमोडी नक्षी वर चढत गेलेली, आणि छपराखाली त्याच विटांत नवरा-बायकोच्या नावांची अक्षरं, १७३४ सालासकट. भट्टीत जाळाकडे असलेलं विटेचं तोंड असं काचेसारखं होतं म्हणे. “असला झामा आम्ही ट्रकसकट परत पाठवायचो गं. यांनी बघ, दागिना केला!” स्वतःवरच खूश होऊन हसले. तेवढ्यात आतून हाका आल्या.

१९३१ साली राज्य सरकारने घर विकत घेऊन जपलं, ते त्या एका पहाटेमुळे. त्याआधीची चव्वेचाळीस वर्षं तिथे कोणी लोणी काढलं असेल, कोणी पोरांना रागावलं असेल. साराबाईंचं तर अक्षर तेवढं उरलं.

हे गेल्यावर भेटायला येणारेही त्या पहाटेचंच विचारतात. कसं झालं? किती वाजता? अटॅकच का? मी सांगते, सांगावंच लागतं. यांना ताकात साखर लागायची, चालताना कुठल्याही कुंपणाच्या दरजांत बोट घालून चुना उकरायचे, हे कोणी विचारत नाही. म्हणून हल्ली मीच चहा ठेवता ठेवता झाम्याच्या विटांचं काढते. परवा एक वहिनी सुनेला हळूच म्हणाल्या, “यांना जरा डॉक्टरकडे ने बाई.” तरी मी फ्लेमिश बाँडपर्यंत पोचलेच नव्हते.