देवघेवीची गाणी

कृषी विस्तार अधिकाऱ्याने लिहायचे ते बियाण्यावर, खतावर, फार तर हुमणीवर. आज मात्र गाण्यावर लिहितो आहे. माझ्या आवडीची तीन ध्वनिमुद्रणे तुमच्या कानांवर घालायची आहेत. तिन्ही तीन जातींची आहेत, पण रात्री पाणी पाजताना बांधावर बसून मोबाइलवर ऐकलीत तरी अडणार नाही.

पहिली तबकडी अब्दुल करीम खाँसाहेबांची, झिंझोटीतली ठुमरी. खाँसाहेब मूळचे उत्तरेकडचे, पण मिरजेचे होऊन राहिले. १९३७ साली ते गेले आणि त्यांना दफनही मिरजेतच केले. ही ठुमरी तीन-साडेतीन मिनिटांची आहे, कारण त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर तेवढेच मावे. तेवढ्यात त्यांनी विरह असा मांडला आहे की ऐकणारा काही वेळ बोलत नाही. हीच तबकडी लहानपणी गदगला ऐकून भीमसेन जोशींना गाण्याचा ध्यास लागला. (जाता जाता सांगतो, मिरजेच्या तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतात पिकतो. म्हणजे गाणेही आपल्यापासून फार लांब नाही.)

दुसरे मुद्रण मला मिळाले ते कोल्हापूरला बी.एस्सी. करताना. वसतिगृहात माझ्या खोलीत गोव्याचा एक मित्र होता. त्याच्याकडे डेव्ह ब्रुबेक यांच्या चौकडीची फीत होती. त्यातले ‘टेक फाइव्ह’ हे १९५९ सालचे जाझ. ते रचले पॉल डेस्मंड यांनी, आणि त्यातला सॅक्सोफोनही त्यांचाच. ते ऐकताना मांडीवर ताल धरा. आपला भजनी ठेका आठ मात्रांचा, त्यामुळे हात चारावर थांबायला बघतो आणि हे लोक दरवेळी पाचवी मात्रा पुढे करतात. तीन आणि दोन असे मोजत राहिलात की गंमत कळते. मला आठवडा लागला.

तिसरे रॉकचे. रॉक म्हणजे नुसता गोंगाट असे माझेही मत होते, आणि पुष्कळशा रॉकबद्दल ते अजून आहे. पण १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कला जॉर्ज हॅरिसन आणि रविशंकर यांनी बांगलादेशच्या निर्वासितांसाठी जलसा केला, त्याच्या तीन तबकड्या निघाल्या. सुरुवात आपल्या वाद्यांची आहे. रविशंकरांची सतार, अली अकबर खाँचा सरोद आणि अल्लारखाँचा तबला. त्यांनी नुसते सूर जुळवले तर तिथल्या श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या! पुढे एरिक क्लॅप्टन यांची गिटार ऐका. ती रडते, ओरडत नाही.

मित्राने मला एवढे दिले, तर मी काय द्यावे? सुट्टीत त्याचा टेपरेकॉर्डर घरी नेला, आजोबांच्या चावीच्या ग्रामोफोनपुढे ठेवला आणि खाँसाहेबांची ठुमरी त्याला उतरवून दिली.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णामाई आमच्या घरात शिरली. पाणी ओसरल्यावर पाहिले तर ग्रामोफोनची पेटी फुगून उकलली होती, तबकडीचे दोन तुकडे झाले होते आणि फितींत गाळ बसला होता. पंचनाम्यात असल्या वस्तूंना रकाना नसतो. अण्णा तेव्हा ऐंशीच्या घरातले. उसाबद्दल बोलले, कडब्याबद्दल बोलले, तबकडीबद्दल मात्र एक शब्द काढला नाही.

मित्राला हे कळले तेव्हा त्याने ती जुनी फीत शोधून मोबाइलवर पाठवली. घरचे वाण बुडाले की शेजाऱ्याला दिलेल्या पायलीतून ते परत आणावे, तसे झाले. फितीत ठुमरी आहे, सुईची खरखर आहे, आणि गाणे संपता संपता मागल्या दारातून आईची हाक आहे, “अहो, म्हैस सुटली बघा!”

आईला जाऊन तेव्हा आठ वर्षे झाली होती. घरात तिचे दोन फोटो होते. आवाज कुठेच नव्हता.

अण्णांनी ते ऐकले, “परत लाव,” म्हणाले, आणि धोतराच्या सोग्याने चष्मा पुसत बसले. आता दिवेलागणीला रोज ऐकतात. शेवटच्या ताना आल्या की त्यांची मान आपोआप मागल्या दाराकडे वळते.

तुमच्याही माळ्यावर जुन्या फिती असतील. ओल लागली की त्यांना बुरशी धरते आणि मग त्या यंत्रात अडकून तुटतात. पावसाळ्याआधी त्या खाली काढा, कुणा जाणत्याकडून मोबाइलवर उतरवून घ्या आणि परगावच्या दोघा-तिघांना पाठवून ठेवा. मध्ये कुणी खोकले, बोलले असेल तर ते कापू देऊ नका.

मित्राला बदल्यात मी आमच्या भजनी मंडळाचे मुद्रण पाठवले आहे. त्यात पखवाजवाल्याने मध्येच पाच मात्रांचा प्रयोग केला आहे. टाळकरी त्याच्याशी अजून धड बोलत नाहीत.