पेरू ते पाथर्डी

जून २०२३. पप्पांना फोनवर म्हटलं, "यंदा एल निनो आहे, कपाशी कमी लावा."

"तो कुठं असतो?"

पेरूजवळ! तिथला समुद्र तापला की वाऱ्यांचं गणित बिघडतं, आपला मान्सून अडखळतो. आमचं पाथर्डी तर आधीच सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत.

मागून आजी, "बहात्तरलाही तोच होता का रे?" होता. तिनं तेव्हा खडी फोडली, मिलो ज्वारी खाल्ली.

पण १९९७ ला जबरदस्त एल निनो असूनही देशात पाऊस सरासरीइतका झाला. हिंदी महासागरानं सांभाळून घेतलं. म्हणजे सगळं प्रोबॅबिलिटीचं काम. पप्पांनी कपाशी लावलीच.

तो ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ठरला. दिवाळीत घरी गेलो, पण "मी सांगितलं होतं" म्हणायची हिंमत झाली नाही.