मोड आणि मोल

वाई येथील आमच्या वाड्याची वांटणी करण्याचें गतवर्षीं ठरलें, तेव्हां जागा व खोल्या यांविषयीं फारसा वाद झाला नाहीं. वाद झाला तो माळ्यावरील भांड्यांविषयीं. आम्ही तिघे बंधु, आणि चार पिढ्यांचें तांबें-पितळ! धाकट्या बंधूंनीं सोपी तोड सुचविली कीं, मोडीच्या व्यापाऱ्यास बोलवावें, तराजू लावावा, आणि येईल तो पैसा तिघांनीं सारखा वांटून घ्यावा. व्यापारी आला, त्यानें दोन लामणदिवे प्रथम तोलले व रोख पैसे मोजून ते आपल्या पोत्यांत टाकलेहि. मग मोठी घागर तराजूंत चढली, तोंच थोरल्या वहिनी पुढें झाल्या व मला म्हणाल्या, "भावजी, तिच्या गळ्याखालीं अक्षरें आहेत, तीं वाचून तरी पाहा, मग तोला." चष्मा लावून मीं वाचलें. ठिपक्याठिपक्यांनीं आमच्या पणजीचें नांव व ‘शके १८१२’ असें कोरलेलें होतें. तोलणें तेथेंच थांबलें. लामणदिवे परत मागण्याचें मात्र त्या वेळीं कोणासच सुचलें नाहीं.

घागर धोतरांत गुंडाळून मी पुण्याच्या गाडींत बसलों. खंबाटकी मागें टाकून, शिरवळजवळ नीरा ओलांडून गाडी पुण्यास पोंचेपर्यंत माझ्या मनांत एकच विचार होता : हिचें मोल कोण व कसें ठरविणार? ही विद्या आपल्याकडे नवी नव्हे. ‘पारख’ हा शब्दच ‘परीक्षा’ या संस्कृत शब्दापासून आलेला. कौटिलीय अर्थशास्त्रांत, कोशांत घ्यावयाच्या रत्नांच्या परीक्षेवर स्वतंत्र अध्याय आहे. वराहमिहिरानें बृहत्संहितेंत हिरे, मोती, माणकें व पाचू यांचीं लक्षणें सांगितलीं आहेत. मराठी राज्यांत नाणीं पारखणाऱ्यास पोतदार म्हणत; आज तें आडनांव होऊन राहिलें आहे. परंतु घागरीची, समईची, अडकित्त्याची परीक्षा कोणत्या ग्रंथांत पाहावी?

कसबा पेठेंत ग्रामदैवत गणपतीचें दर्शन घेऊन मी तांबट आळीकडे वळलों. ही आळी दिसण्यापूर्वीं ऐकूं येते. तेथून जवळच एक वृद्ध पारखी राहतात. जुन्या वस्तु, चित्रें व घरगुती सामान यांची किंमत ठरवून देणें हाच त्यांचा व्यवसाय. घागर पुढें ठेवतांच ते म्हणाले, "मास्तर, आधींच सांगतों, मी ही विकत घेणार नाहीं. किंमत ठरविणारानेंच खरेदी करावी, हें बरें नव्हे. आणि माझी फी वेळेवर आहे, किंमतीवर नाहीं. नाहीं तर आंकडा फुगविण्याचा मोह मलाच व्हायचा."

मग त्यांनीं विचारलें, "किंमत कशासाठीं हवी?" प्रश्नाचा अर्थ मला कळेना. तेव्हां त्यांनीं समजाविलें. विमा उतरावयाचा तर तशीच वस्तु आज पुन्हां मिळविण्यास काय पडेल तें लिहावें लागतें. वांटणी करावयाची तर खुल्या बाजारांत जाणतें गिऱ्हाईक काय देईल तें. आणि व्यापाऱ्यास द्यावयाची तर त्याचा नफा वजा जातां जें उरेल तें. एकाच घागरीच्या या तीन किंमती, आणि तिन्ही खऱ्या.

त्यांनीं घागर उजेडांत धरली व आंत हात फिरविला. "हा सांधा पाहा. दोन भाग निरनिराळे ठोकून दातेरी सांध्यानें जोडले आहेत. यंत्रावर फिरविलेली असती तर आंत एकाखालीं एक वर्तुळें दिसलीं असतीं. झीज पाहा, ती काठाला व बुडाला. जेथें हात आणि जमीन लागते तेथेंच. मुद्दाम जुन्या केलेल्या वस्तूची झीज सगळीकडे सारखी असते, आणि आम्लानें आणलेला जंगाल पुष्कळदां नखानेंहि निघतो." मग किंचित् हळहळून म्हणाले, "पण ही एवढी लख्ख कोणी केली?" आदल्या रात्रीं वहिनींनीं मोठ्या हौसेनें चिंच-मीठ लावून ती घांसली होती! "तांब्यावर चढलेला काळसर रंग हा त्याच्या वयाचा साक्षीदार असतो. परीक्षेस आणण्यापूर्वीं वस्तु घांसूं नये."

पुढें त्यांनीं मला आळींत नेऊन मठारकाम दाखविलें. तांबट एकाशेजारीं एक ठोके देत भांडें फिरवीत होता. त्या ठोक्यांनीं पत्र्यास चमक येते आणि बळकटीहि येते.

शके १८१२ म्हणजे इ. स. १८९०-९१. शंभर वर्षें उलटलेली कारागिरीची वस्तु १९७२ च्या पुरावस्तु व कलानिधि अधिनियमाच्या व्याख्येंत येते. १९७६ पासून अंमलांत असलेल्या या कायद्यानें अशी वस्तु खासगी माणसास परदेशीं पाठवितां येत नाहीं. महत्त्वाच्या हस्तलिखित पोथीला तर पंचाहत्तर वर्षेंच पुरतात. हें सांगून त्यांनीं कागदावर आंकडा लिहिला. तो मोडीच्या भावाहून बराच अधिक, परंतु मीं मनांत बांधलेल्या आंकड्याहून पुष्कळच कमी होता. माझी मुद्रा पाहून ते म्हणाले, "शकामुळें वयाचा वाद मिटला, तेवढें मीं धरलें आहे. पण नांव तुमच्या पणजीचें. परक्यास त्याचें काय? जातां जातां केळकर संग्रहालय पाहून जा."

शुक्रवार पेठेंतील राजा दिनकर केळकर संग्रहालय मीं पूर्वीं विद्यार्थ्यांसह अनेकदां पाहिलें होतें. ‘अज्ञातवासी’ या नांवानें कविता लिहिणारे दिनकर गंगाधर केळकर (१८९६-१९९०) यांनीं ठिकठिकाणीं हिंडून घरोघरच्या वस्तु जमविल्या, सात वर्षांचा होऊन वारलेला मुलगा राजा याचें नांव त्या संग्रहास दिलें, आणि १९७५ मध्यें तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. वस्तु वीस हजारांवर. कोथरूडचा मस्तानी महाल तेथें पुन्हां उभारलेला आहे. परंतु त्या दिवशीं मी थांबलों तो अडकित्ते, वज्र्या आणि दिवे यांपुढें. एका लामणदिव्याच्या सांखळीवर पितळी पक्षी होता. आमच्याहि दिव्यांवर असाच पक्षी होता. तो मोर होता कीं पोपट, हें मला आठवेना. जन्मभर डोळ्यांसमोर असलेल्या वस्तूचें एवढेंहि लक्षण आपणांस सांगतां येऊं नये, याची लाज वाटली.

घरीं परतल्यावर मीं एक वही घातली. वहिनी सांगत आणि मी लिहीत असें : वस्तु, वजन, माप, कोणाच्या लग्नांत आली, नांव कोणी कोरविलें. मागाहून पारखी गृहस्थांनीं येऊन आंकडे घातले, आणि चिठ्ठ्या टाकून वांटणी झाली. घागर धाकट्या बंधूंच्या वांट्यास आली. "अण्णा, वहींतील त्या पानाची नक्कल मला द्या," एवढेंच ते म्हणाले.

ज्या घरांत असा प्रसंग यावयाचा असेल, त्यांनीं व्यापारी बोलाविण्यापूर्वीं वडील माणसांजवळ वही घेऊन एक दुपार बसावें, एवढीच माझी विनंती आहे. बाजारची किंमत पारखी केव्हांहि सांगेल. घरचें मोल सांगणारीं माणसें मात्र कायमचीं नसतात. आमच्या वहींत लामणदिव्यांसाठींहि एक पान ठेविलें आहे. त्यावर व्यापाऱ्यानें सांगितलेलें वजन तेवढें लिहिलेलें आहे. पक्ष्याविषयीं वहिनी म्हणतात पोपट, आणि धाकटे बंधु म्हणतात मोर.