गाण्याचं बिऱ्हाड

घरी ध्वनिमुद्रित केलेलं गाणं दुसऱ्या संगणकावर न्यायचं, म्हणजे बिऱ्हाड हलवायचं. पडद्यावर सगळं एकत्र नांदताना दिसतं: वर तानपुरा, खाली तबल्याचे दोन ट्रॅक, मध्ये गळा. प्रत्यक्षात आपण जिच्यावर क्लिक करतो त्या प्रोजेक्ट फाइलमध्ये बहुधा आवाजाचा कणही नसतो. मी रीपर हे ध्वनिमुद्रणाचं सॉफ्टवेअर वापरतो. त्याची आरपीपी फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्येही उघडते. ती पहिल्यांदा वाचली तेव्हा मी हरखून गेलो. अमुक क्षणी अमुक फाइल सुरू, इथे काप, इथे आवाज हळूहळू उतरव, असं ओळीमागून ओळ. गाण्यावर बसून घेतलेले सारे निर्णय तिथे होते, आणि आवाज कुठे ठेवलाय त्याचे पत्ते. आवाज मात्र वेगळ्याच डब्ल्यूएव्ही फायलींत.

म्हणून तेवढी एकच फाइल पेनड्राइव्हवर घेऊन मित्राकडे गेलं, तर तिथे पट्ट्या उमटतात, पण मुक्या. पत्ता चुकायला फार लागत नाही; इकडे विंडोज ज्या डिस्कला ‘ई’ म्हणतं तिलाच तिकडे ‘एफ’ म्हणालं, तरी पुरे. तेव्हा सेव्ह करतानाच सगळ्या ध्वनिफायली प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ओढून घ्यायच्या आणि अख्खा फोल्डर न्यायचा. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झचा एक मोनो ट्रॅक मिनिटाला साधारण ८.६ एमबी खातो. पाच मिनिटांच्या गाण्याचे बारा ट्रॅक अर्ध्या जीबीवर जातात. सगळ्याची मिळून एक झिप केली आणि ती ४ जीबीच्या पुढे गेली, तर फॅट३२ पद्धतीचा पेनड्राइव्ह ती घेतच नाही. एक्सफॅट बरं, विंडोज आणि मॅक दोघांनाही त्यावर वाचता-लिहिता येतं.

सॅम्पल रेटची गोष्ट मला सर्वांत जिव्हाळ्याची वाटते, कारण ती थेट षड्जाला हात घालते. ४८ किलोहर्ट्झवर घेतलेला गळा रूपांतर न करता ४४.१ वर वाजवला, तर काळी एकचा ‘सा’ पांढरी एकच्याही खाली उतरतो आणि मिनिटाचं गाणं पासष्ट सेकंदांवर रेंगाळतं. ज्याने ते मूळ ऐकलंच नाही, त्याला हाच गायकाचा स्वभाव वाटेल. म्हणून फोल्डरच्या नावातच मी पट्टी, लय आणि सॅम्पल रेट लिहितो.

प्लगइन मात्र सोबत येत नाहीत. माझ्याकडचा रिव्हर्ब मित्राकडे नसतो. तेव्हा गळा दोनदा बाउन्स करायचा, म्हणजे ध्वनिफाइल म्हणून बाहेर काढायचा: एकदा कोरडा, एकदा माझ्या रिव्हर्बसह. आणि प्रत्येक ट्रॅक शून्यापासून, त्यात पहिली दोन मिनिटं शांतता असली तरी. ती शांतता राहिली की तिकडे सगळं आपोआप समेवर येतं.

कोरड्या, घरच्या आवाजाची एक गोष्ट मला नेहमी आठवते. १९८२ च्या आरंभी अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनने न्यू जर्सीतल्या घरी, कॅसेटवर चार ट्रॅक घेणाऱ्या यंत्रावर काही गाणी नोंदवली. ती कॅसेट तो डबीशिवाय खिशात घालून हिंडत होता. पुढे तीच गाणी स्टुडिओत वाद्यवृंदासह करून पाहिली, पण घरच्या आवाजातलं काही त्यांत उतरेना. अखेर कॅसेटवरूनच ‘नेब्रास्का’ हा अल्बम निघाला. मला यात खोलीचा विजय दिसतो. आमच्याही कोरड्या ट्रॅकमध्ये गळ्याबरोबर भिंती येतात, शेजारच्या कुकरची शिट्टी येते, आलापाआधी घेतलेला श्वास येतो. शिट्टी खुशाल काढ, पण श्वासांना हात लावू नकोस, असं मी मित्राला सांगून ठेवतो.

नापसंत टेकही मी पाठवतो. ते निवडताना माझा कान थकलेला असतो, त्याचा ताजा. तिकडे एकेक ट्रॅक सोलो करून ऐकला, सगळे वाजले, असा त्याचा फोन येईपर्यंत इकडची प्रत पुसायची नाही. आणि डिस्क सुटी करताना ‘इजेक्ट’ म्हणून दोन क्षण थांबायचंच, खाली रिक्षा उभी असली तरी.