'निरंक' लिहिण्याआधी चासी तरी पुसून बघा!

नगरपालिकेच्या नोटीस बोर्डावर भंगार वाहनांची यादी लागलीय. एकूण ११ गाड्या. घंटागाड्या, दोन ट्रॅक्टर, एक जीप, एक रुग्णवाहिका. प्रत्येकीपुढे गाडी क्रमांक, चासी क्रमांक, इंजिन क्रमांक असे रकाने आहेत. दहा गाड्यांचे रकाने कसेबसे भरलेत. अकराव्या ओळीत एवढंच आहे: 'जुना ट्रक, पाण्याच्या टाकीसह, क्रमांक निरंक, १ नग.'

'निरंक' हा आपल्या सरकारी मराठीतला फार सोयीचा शब्द. बघितलं आणि सापडलं नाही, तरी निरंक. बघितलंच नाही, तरी निरंक.

ही गाडी कोणती, ते गावातल्या साठीच्या पुढच्या कुणालाही विचारा. पाणीपुरवठ्याच्या आवारात जलकुंभाच्या मागं, बाभळीखाली उभी आहे ती. बाहत्तरच्या दुष्काळात हिनं गल्लोगल्ली पाणी वाटलं, असं सगळे सांगतात. माझ्या आईनं हिच्या तोटीखाली घागर लावलीय. पण 'सगळे सांगतात' हे लिलावाच्या फायलीत चालत नाही. तिथं नंबर लागतो.

आधी यादी का निघाली ते सांगतो. १ एप्रिल २०२३ पासून सरकारी मालकीच्या १५ वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांच्या नोंदणीचं नूतनीकरण होत नाही. केंद्राचा तसा नियम आहे आणि त्यात राज्य सरकारांबरोबर पालिका, पंचायतीही आल्या. अशा गाड्या नोंदणीकृत भंगार केंद्रातच मोडायच्या आहेत. नियम चांगला आहे, त्याबद्दल तक्रार नाही. आपला हा ट्रक तर त्याच्या कितीतरी आधीच बंद पडलेला. आवार मोकळं करायचं म्हणून तोही यादीत घातला.

मी कार्यालयाची लेखी परवानगी काढली आणि मोंढ्यातल्या एका जुन्या मिस्त्रींना घेऊन गेलो. चाळीस वर्षं ट्रकखाली झोपून काम केलेला माणूस. मी म्हटलं, "मिस्त्री, नंबर नाहीच म्हणतायत." ते म्हणाले, "नंबर कुठं जात नसतो, पत्रकार. त्याच्यावर माती चढती."

आता जरा तांत्रिक, पण ट्रक, टेंपो, ट्रॅक्टर असणाऱ्या प्रत्येकानं वाचावं असं.

गाडीला तीन नंबर असतात. पहिला नंबर प्लेटवरचा. तो आरटीओ देतं आणि तो बदलू शकतो. १ जुलै १९८९ ला नवा मोटार वाहन कायदा लागू झाला, त्यानंतर एमएच-१२, एमएच-२० अशी मालिका आली. त्याआधी एम अक्षरानं सुरू होणारी तीन अक्षरं आणि पुढं आकडे असायचे. प्लेट दोन स्क्रूवर असते, काढली की गेली. दुसरा इंजिनचा नंबर, इंजिनच्या ब्लॉकवर. तोही आयुष्यभराचा नाही, कारण ट्रकचं इंजिन बदललं जातं. तिसरा चासीचा. ज्या दोन लांब लोखंडी पट्ट्यांवर अख्खी गाडी उभी असते, त्या लाँग मेंबरवर तो कारखान्यातच पंच मारून कोरलेला असतो. आपल्याकडच्या बहुतेक ट्रकना तो ड्रायव्हरच्या बाजूला, पुढच्या चाकाच्या आसपास सापडतो. केबिनमध्ये रिबिट मारलेली पाटीही असते, पण पाटी एका गाडीची काढून दुसरीला लावता येते. लाँग मेंबर तसा काढून लावता येत नाही. म्हणून गाडी कोणती, याचा शेवटचा पुरावा चासी नंबर.

आमच्या ट्रकची प्लेट गेलेली, केबिनमधली पाटी गेलेली, फक्त रिबिटांची चार भोकं उरलेली. समोरच्या जाळीवर मात्र तीन टोकांच्या चांदणीचा ठसा राहिलाय. टेल्कोनं १९५४ मध्ये जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बनवायला घेतले. तो करार १९६९ पर्यंत चालला. आपली जुनी माणसं टाटाच्या ट्रकला 'मर्सिडीज' म्हणतात ते यामुळंच. चांदणीवाला टाटा म्हणजे साधारण त्याच काळातला, एवढं मिस्त्रींनी लांबूनच सांगितलं.

मग पुढच्या उजव्या चाकाच्या मागं बसले. आधी खुरप्यानं वाळलेलं ग्रीस आणि माती काढली. त्यावर डिझेलमध्ये भिजवलेलं फडकं अर्धा तास दाबून ठेवलं. मग वायर ब्रश, तोही हलक्या हातानं. पालिकेचा एक पोरगा उत्साहानं म्हणाला, ग्राइंडर आणू का? मिस्त्री जवळजवळ ओरडलेच, "ग्राइंडरनं गंज जातो अन् नंबर बी जातो!" पुसून झाल्यावर त्यांनी खडू घासला आणि वरचा भुगा झटकला. खळग्यात बसलेली पांढरी पूड तेवढी राहिली. मला म्हणाले, "बॅटरी समोरून नका मारू, आडवी धरा." आडव्या उजेडात खळग्यांच्या सावल्या पडल्या आणि एकेक आकडा वर आला.

शेवटून चौथा आकडा तीन की आठ, ते कळेना. तेव्हा पातळ कागद चिकटवून पेन्सिल आडवी घासली. आरटीओत मालकी बदलताना एजंट जो 'पेन्सिल प्रिंट' मागतात, तोच हा. छाप्यात आकड्याची डावी बाजू उघडी दिसली. तीनच होता.

तो कागद घेऊन कार्यालयात गेलो. जडवस्तू संग्रह नोंदवही मागितली. दोन मिळाल्या, एक मूळ आणि एक नंतर कधीतरी तिच्यावरून उतरवलेली. मूळ नोंदवहीत मार्च १९६७ ची खरेदी आहे, चासी क्रमांक आमच्या छाप्याशी अक्षर न् अक्षर जुळतो. उतरवलेल्या प्रतीत त्याच तीनचा आठ झालाय. इंजिनचा नंबर जुळला नाही, पण मूळ वहीत पुढं इंजिन बदलल्याची वेगळी नोंद आहे, आणि ब्लॉकवरचा नंबर तिच्याशी जुळतो. १९७२ च्या पानावर 'टाकी बसविणे' म्हणून खर्चही पडलाय. म्हणजे गावाची आठवण खरी आहे, आणि कागदावरसुद्धा.

'निरंक' गाडीची ही हकीकत बाहेर यायला एक दुपार, पाव लिटर डिझेल आणि एक खडू लागला.

आता कुणी म्हणेल, शेवटी लोखंडच ना, नंबर असला काय नि नसला काय. फरक कुठं पडतो, ते ऐका.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे गाडी कायमची निकामी झाली की मालकानं १४ दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर आरटीओला कळवायचं असतं, म्हणजे नोंदणी रद्द होते. आमच्या ट्रकबाबत तसं कळवल्याचा एकही कागद फायलीत नाही. गाडी बाभळीखाली कधीच मेली, पण नोंदणी रद्द झाल्याचा पुरावा नाही. असे बेवारस नंबर कुणाच्या उपयोगाचे असतात? चोरांच्या. चोरीच्या ट्रकवरचा चासी नंबर घासायचा आणि तिथं मेलेल्या गाडीचा नंबर मारायचा, हा या धंद्यातला जुना प्रकार. कागद खरे असतात, फक्त गाडी दुसरी असते. शेवटी ती इमानदारीनं विकत घेणारा ट्रकवाला अडकतो. नोंदणीकृत भंगार केंद्रांना गाडी चोरीची नाही ना हे आधी तपासावं लागतं, आणि चासी नंबरचा तुकडा कापून काही महिने जपून ठेवावा लागतो, तो याचसाठी. जिथं यादीतच 'निरंक' आहे, तिथं ते तपासणार काय आणि जपणार काय?

घासलेला नंबर कायमचा जातोच असं नाही, हेही सांगून ठेवतो. पंचाचा घाव बसतो तेव्हा आकड्याच्या खालचं लोखंडही दबतं. वरचा थर गेला तरी ती दबलेली जागा बाकीच्या लोखंडापेक्षा वेगळी राहते. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत तो भाग गुळगुळीत करून त्यावर कॉपर क्लोराईड आणि हायड्रोक्लोरिक आम्ल असलेलं द्रावण फिरवतात. दबलेली जागा वेगळ्या गतीनं झिजते आणि गेलेले आकडे पुन्हा दिसायला लागतात. हे घरी करायचं काम नाही.

दुसरी गोष्ट त्या तीनच्या आठची. आपल्याच तालुक्यातल्या एका मालकाचा ट्रक पासिंगविना दोन महिने उभा होता. चासीवर आणि जुन्या आरसी बुकात नंबर एकच, पण संगणकात चढवताना एक आकडा चुकलेला. हप्ता चालू, ड्रायव्हरचा पगार चालू, भाडं बंद. नवीन गाड्यांना १७ अक्षरांचा नंबर असतो आणि त्यात आय, ओ, क्यू ही अक्षरं वापरतच नाहीत, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. जुन्या गाड्यांना ती सोय नाही. तिथं वाचणाऱ्याच्या डोळ्यांवर सगळं.

तिसरी गोष्ट. जुलै २०२१ मध्ये केंद्रानं व्हिंटेज वाहनांचे नियम केले. ५० वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपात राखलेली गाडी असेल तर 'व्हीए' अक्षरांचा खास नंबर मिळतो. पण कुणाला? दुचाकींना आणि खासगी वापराच्या मोटारींना. ट्रक त्यात नाही. राजेरजवाड्यांची मोटार वारसा ठरते, आणि दुष्काळात गाव जगवणारा ट्रक भंगार. दिल्लीचा नियम आपण बदलू शकत नाही, मान्य. पण न चालवता एका चौथऱ्यावर उभा करायला व्हिंटेज नंबर कशाला लागतो? पालिकेचा ठराव पुरे.

म्हणून मागण्या साध्या आहेत. एक, यादी मागं घेऊन प्रत्येक गाडीचा चासी आणि इंजिन क्रमांक प्रत्यक्ष गाडीवरून वाचून, पेन्सिल प्रिंट आणि फोटोसह पुन्हा प्रसिद्ध करावी. दोन, ज्या गाड्या मोडायच्या त्यांची नोंदणी रीतसर रद्द करून तसा दाखला फायलीत लावावा. तीन, अकरा नंबरचा ट्रक लिलावातून वगळावा.

आणि तुमच्यासाठी. घरी जुना ट्रक, टेंपो, जीप, ट्रॅक्टर असेल तर पासिंगची तारीख यायची वाट बघू नका. या रविवारी चासी नंबर पुसून काढा, आडव्या उजेडात फोटो घ्या, पेन्सिल प्रिंट काढून आरसीत ठेवा. आरसी आणि ऑनलाइन नोंद दोन्हींशी एकेक आकडा जुळवा. त्या जागेवर जाड रंग मारू नका, वेल्डिंग करू देऊ नका. नंबर गंजून वाचण्यापलीकडे गेला असेल तर कुणाच्या सांगण्यावरून गल्लीत पंच मारून घेऊ नका. तो गुन्हा ठरू शकतो. आरटीओकडे रीतसर अर्ज करा. जुनी गाडी विकत घेत असाल तर पैसे देण्याआधी स्वतः चाकाजवळ बसून नंबर वाचा. एजंटनं पाठवलेल्या फोटोवर जाऊ नका.

निवेदन सोमवारी सकाळी ११ वाजता मुख्याधिकाऱ्यांना देणार आहोत. सहीसाठी या. बाहत्तरच्या काळातला या टँकरचा फोटो कुणाच्या अल्बममध्ये असेल तर तोही घेऊन या.